परदेशी पोस्टिंगची तयारी : कोकणातल्या सैनिक कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैमध्ये इटलीत लढताना धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणातल्या माणसाने सैनिक म्हणून परमुलखात जाणे इतके जुने आहे. तरीही घरात परदेशी पोस्टिंगची बातमी आली की आजही तीच धांदल उडते आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. माझे पती फौजेत असताना आमच्या घराने अशी दोन पोस्टिंग पाहिली. एकात मी मुलांसह बरोबर गेले आणि दुसऱ्यात वर्षभर सिंधुदुर्गातल्या आमच्या वाडीत मागे राहिले. नंतरच्या काळात ओळखीच्या अनेक घरांची कागदपत्रे करताना जे प्रश्न वारंवार समोर आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. जाणाऱ्याची तयारी युनिट करून घेते, मागे राहणाऱ्या घराची तयारी मात्र घरानेच करायची असते, हे ध्यानात ठेवून ती वाचावीत.

परदेशी पोस्टिंग नेमके किती प्रकारचे असते आणि कुटुंब बरोबर जाऊ शकते का?

सगळ्यांत आधी हाच प्रश्न सोडवून घ्यावा, कारण पुढची सगळी तयारी त्यावर अवलंबून असते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, म्हणजे दक्षिण सुदान, काँगो, लेबनॉन किंवा गोलान टेकड्यांवर, तुकडीबरोबर जाणारा जवान एकटाच जातो आणि त्याचा कार्यकाळ सामान्यतः एक वर्षाचा असतो. लेबनॉनमधील मोहिमेला सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये अखेरची मुदतवाढ दिली असून ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच आहे, त्यामुळे जुन्या जवानांनी सांगितलेले तिथले वेळापत्रक आता गृहीत धरू नये. नौदलात नव्या जहाजाचा ताबा घेण्यासाठी जाणारे कर्मचारीही एकटेच जातात. आयएनएस तुशिल ९ डिसेंबर २०२४ रोजी आणि आयएनएस तमाल १ जुलै २०२५ रोजी रशियातील कॅलिनिनग्राडमध्ये नौदलात दाखल झाल्या, आणि अशा प्रत्येक जहाजाच्या मागे महिनोन्‌महिने परदेशी बंदरात थांबलेले खलाशी असतात.

कुटुंबासह जाण्याची संधी मुख्यतः भारतीय दूतावासांतील संरक्षण विभागाच्या नेमणुकांत मिळते. भूतानमध्ये १९६२ पासून ‘हा’ नावाच्या गावी भारतीय लष्करी प्रशिक्षण पथक आहे. तेथे आणि इतर प्रशिक्षण पथकांत कुटुंबाला परवानगी आहे की नाही, हे हुद्दा, जागा आणि घराची उपलब्धता यांवर ठरते. आदेशात तसे स्पष्ट लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय मुलांचे नाव शाळेतून काढू नये आणि भाड्याचे घरही सोडू नये. सोबतच्या जवानाला फॅमिली नेण्याची परवानगी मिळाली म्हणजे आपल्यालाही मिळणारच, या भरवशावर घेतलेले निर्णय मागाहून फार त्रास देतात.

आदेश यायचा आहे. आत्तापासून काय सुरू करावे?

नावे तपासावीत. माझ्या अनुभवात जितकी परदेशी जाणी रखडली, त्यांतली निम्म्याहून अधिक नावांतल्या तफावतीमुळे रखडली.

आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत अनेक घरांत आहे. माहेरची सुप्रिया सासरी सायली होते. शाळेच्या दाखल्यावर सुप्रिया आणि वडिलांचे नाव, आधार कार्डावर सायली आणि नवऱ्याचे नाव, बँकेच्या पासबुकावर कधी हे तर कधी ते. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर पडते. माझ्याच कागदपत्रांत एका ठिकाणी नावाच्या शेवटी ‘आय’ होता, दुसऱ्या ठिकाणी ‘डबल ई’. युनिटने लग्नाच्या वेळी काढलेल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या कुटुंबाच्या अधिकृत नोंदीत, तिसरेच स्पेलिंग होते, कारण तेव्हा पतीने ते सुट्टीवरून परतल्यावर आठवणीने लिहून दिले होते. सैन्याच्या लेखी पत्नी म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये नोंदलेली व्यक्ती. तिचे नाव पासपोर्टशी जुळले नाही, तर तिच्या नावाचे प्रवासाचे कागदच पुढे सरकत नाहीत.

म्हणून पहिल्याच आठवड्यात आधार, पॅन, पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत हे सगळे एका टेबलावर मांडावे आणि अक्षर न्‌ अक्षर लावून पाहावे. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर ती आधी करावी. ग्रामीण भागात विवाह निबंधकाचे काम ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, पाहतात. नाव पूर्णपणे बदललेले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणे हा सर्वांत पक्का मार्ग आहे. त्याला वेळ लागतो, पण तो कागद पुढे आयुष्यभर उपयोगी पडतो. कोणते स्पेलिंग कायम ठेवायचे हे ठरवताना युनिटच्या कार्यालयाला विचारावे, कारण रेकॉर्ड ऑफिसमधील, म्हणजे जवानांच्या सेवेची कागदपत्रे ठेवणाऱ्या कार्यालयातील, नोंद बदलण्यापेक्षा आधारवरील नोंद बदलणे बहुधा सोपे जाते.

मुलांच्या बाबतीत जन्मदाखल्यावर नाव घातलेले आहे का, हे पाहावे. पुष्कळ दाखल्यांवर नावाची जागा कोरीच राहते, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली असते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरा कागद चालत नाही.

आमच्याकडे निळा पासपोर्ट आहे. तो चालेल का?

सरकारी कामासाठी परदेशी जाणाऱ्याला आणि त्याच्याबरोबर नेमणुकीवर जाणाऱ्या कुटुंबाला पांढऱ्या कव्हरचा ऑफिशियल पासपोर्ट मिळतो. त्यासाठी विभागाची शिफारस लागते आणि अर्ज युनिटच्या मार्फत जातो. निळा पासपोर्ट असल्यास तो जमा करून त्याची पावती घ्यावी लागते. ती पावती हरवू नये, कारण परत आल्यावर निळा पासपोर्ट तिच्यावरच मिळतो. पांढरा पासपोर्ट नेमणुकीपुरताच असतो. त्यावर खासगी सहल करता येत नाही आणि नेमणूक संपल्यावर तो परत द्यावा लागतो. भूतानसाठी भारतीय नागरिकाला मतदार ओळखपत्रही चालते, तरी मुलांचे जन्मदाखले मूळ प्रतीत जवळ ठेवावेत.

दाखल्यांवर अपोस्टिल करून घ्यावे लागते का?

अपोस्टिल म्हणजे आपला दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणून त्यावर केलेले साक्षांकन. ते प्रत्येक वेळी लागत नाही, पण परदेशातील शाळा किंवा पत्नीला तेथे नोकरी देणारी संस्था ते मागू शकते. भारत २००५ मध्ये हेग कराराचा सदस्य झाला, त्यामुळे करारातील देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते. करारात नसलेल्या देशांसाठी मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. त्याआधी दाखल्याची राज्य पातळीवर पडताळणी होते आणि ती मुंबईत होत असल्याने सावंतवाडी किंवा देवगडहून दोन खेपा होतात. मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला आणि पत्नीची पदवी एवढे कागद एकाच खेपेत करून घेतले तर पुरेसे होते.

लशी कोणत्या आणि किती आधी घ्याव्यात?

आफ्रिकेतील मोहिमांसाठी पिवळ्या तापाची लस अनिवार्य आहे. तिचे पिवळे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. त्यामुळे पूर्वी आफ्रिकेत जाऊन आलेल्या जवानाने जुने कार्ड शोधून काढावे. परत येताना हे कार्ड जवळ नसेल तर भारतात विमानतळावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस जिवंत विषाणूंपासून केलेली असल्याने गरोदर स्त्रिया, अगदी लहान बाळे आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांशी आधी बोलणे आवश्यक आहे. जवानाला ती लष्करी रुग्णालयामार्फत मिळते. कुटुंबासाठी ठरावीक अधिकृत केंद्रेच आहेत आणि कोकणातून त्यासाठी बहुधा मुंबई गाठावी लागते.

मागे राहणाऱ्या पत्नीच्या नावे कुलमुखत्यारपत्र करावे का?

करावे, आणि माणूस अजून गावात असतानाच करावे. देणारा भारतात असेल तर दुय्यम निबंधकासमोर ते एका दिवसात होते. तो परदेशात असेल तर भारतीय वकिलातीत किंवा तेथील नोटरीसमोर सही करून, साक्षांकन करून ते टपालाने पाठवावे लागते आणि भारतात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. काँगोतील एखाद्या तळावरून ही सारी खटपट करणे किती अवघड जाते, याची कल्पना येथे बसून येत नाही.

कोकणात जमीन क्वचितच एका नावावर असते. सातबारावर काका, चुलत भाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या अशी पंधरा-वीस नावे असतात आणि वाटणी तोंडीच झालेली असते. जवान परदेशी असताना कोणी वारसनोंद लावली, खातेफोड मागितली किंवा महामार्गासाठी भूसंपादनाची नोटीस आली, तर हरकत घेण्यासाठी घरात अधिकृत माणूस हवा. फेरफाराची नोटीस निघाल्यापासून हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. आमच्याकडे अशी नोटीस भर श्रावणात आली. मी हरकत घेऊन गेले तेव्हा, जमीन तुमच्या नावावर नाही, तुम्हाला बोलता येणार नाही, असे त्या कार्यालयात मला ऐकवले गेले. कुलमुखत्यारपत्र जवळ नव्हते. पतीचा फोन लागायला चार दिवस गेले. ती हरकत अखेर दिराच्या सहीने, मुदतीच्या शेवटच्या दिवशी दाखल झाली. त्या चार रात्री मला झोप लागली नाही आणि तेव्हापासून मी प्रत्येक घराला हा कागद आधी करायला सांगते.

मसुद्यात अधिकार नेमके लिहावेत. महसुली कामात अर्ज आणि हरकती दाखल करणे, नुकसानभरपाई स्वीकारणे, वीज व पाणी जोडणीची कामे करणे, बाग कराराने देणे, न्यायालयात वकील नेमणे असे एकेक काम स्वतंत्र वाक्यात असावे. जमीन विकण्याचा अधिकार गरज नसेल तर देऊ नये. हा कागद देणारा हयात असेपर्यंतच चालतो, म्हणून त्याच्या जोडीला मृत्युपत्र करणेही योग्य ठरते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. त्याबद्दल बोलायला घरातील वडीलधारी कचरतात. अशुभ वाटते म्हणून विषय टाळतात. मी स्वतः सासूबाईंशी बोलताना एवढेच म्हटले होते की, आई, विमा काढतो तसाच हा कागद आहे. त्यांनी ऐकले.

गटविमा आणि भविष्य निर्वाह निधी यांवरील नामनिर्देशन लग्नानंतर बदलले आहे का, हेही याच वेळी पाहावे. अनेक जवानांच्या कागदांवर भरतीच्या वेळचे आईचे नावच राहिलेले असते. पुढे एखादा वाईट प्रसंग आला तर सासू आणि सून अशा दोघींचीही त्यात परवड होते.

सगळेच जाणार. घर वर्षभर बंद राहील. पावसाळ्याचे काय करावे?

येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बंद घराला तो उघड्या घरापेक्षा जास्त लागतो, कारण आत चूल पेटत नाही, दारे उघडत नाहीत आणि ओल बाहेर जात नाही. जूनच्या आत घर शाकारून घ्यावे, फुटकी कौले बदलावीत, पन्हळीतला पालापाचोळा काढावा, पावसाच्या अंगाला झडी बांधाव्यात. छपरावर ओणवी आलेली माडाची झावळे आणि फणसाच्या फांद्या उतरवाव्यात. वाळवीची फवारणी वासे आणि चौकटी यांच्या बुंध्याशी करावी. फ्रिज रिकामा करून त्याचे दार काठीने उघडे ठेवावे. सिलिंडरचा रेग्युलेटर काढावा. मेन स्विच बंद करावा, पण वीजबिल ऑनलाइन भरत राहावे, कारण थकबाकीमुळे मीटर काढून नेला तर नवी जोडणी घेईपर्यंत हाल होतात. घरपट्टी आगाऊ भरून पावतीचा फोटो काढून ठेवावा.

किल्ली अशा माणसाकडे द्यावी जो दर पंधरवड्याला दारे-खिडक्या उघडून दोन तास घरात बसेल. नुसती किल्ली सांभाळणारा शेजारी पुरत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. अशा आपत्तीनंतर पंचनामा होतो, तेव्हा घरमालकाच्या वतीने उभे राहणारे कोणी हवे आणि त्याच्याकडे घरपट्टीची पावती, सातबारा आणि बँक खात्याचा तपशील हवा. पंचनाम्यात घर राहून गेले तर मागाहून नाव घालणे अतिशय कठीण असते.

मूळ कागद बंद घरात ठेवू नयेत. आम्ही ते पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून गेलो होतो. गणपतीच्या आधी परत येऊन ट्रंक उघडली तेव्हा लग्नाचा दाखला फोल्डरला चिकटलेला होता आणि निबंधकाच्या शिक्क्याची जांभळी शाई कागदावरून प्लॅस्टिकवर उतरली होती. शिक्का उलटा, आरशात दिसावा तसा, फोल्डरवर वाचता येत होता. नवी प्रत काढावी लागली. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घाटमाथ्यावरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्या नातलगाकडे ठेवावेत आणि स्कॅन केलेल्या प्रती दोन ठिकाणी असाव्यात.

कलमांच्या बागेची व्यवस्था कशी लावावी?

बाग तोंडी देऊ नये. ज्या हंगामापुरती द्यायची त्याचे वर्ष, झाडांची संख्या, रक्कम आणि हप्ते, फवारणी व खताचा खर्च कोणी करायचा, मोहोर करपला तर काय, हे सगळे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ई-पीक पाहणीची नोंद २०२१ पासून खातेदाराने स्वतः मोबाइलवरून करायची असते. ती कोण करणार, हेही ठरवावे. बागेचे छायाचित्र जाण्यापूर्वी काढून ठेवले तर परत आल्यावर बांधावरून किंवा तोडलेल्या झाडावरून बोलाचाली होत नाही.

सामानात मसाला, कोकम, सुकी मासळी नेता येते का?

येथे जरा थांबून वाचावे, कारण माहिती नसल्याने आपली माणसे याच ठिकाणी अडचणीत येतात. मालवणी मसाल्यात खसखस असते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे खसखस अमली पदार्थांच्या नियमांत येते आणि ती बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो. आखाती देशात जायचे असेल, किंवा विमान दुबईत बदलायचे असेल, तर खसखस घातलेला मसाला, खसखशीचे लाडू, अनारसे यांतले काहीही सामानात असू नये. आम्ही जाताना सासूबाईंनी खसखस वगळून, तीळ थोडे वाढवून मसाला वेगळा कुटून दिला होता. मिरच्या, धणे, बडीशेप, दगडफूल, तिरफळ भाजताना त्यांनी मला दोनदा विचारले, यात अजून काही आडकाठीचे नाही ना. त्यांनी पिशवीवर इंग्रजीत पदार्थांची नावे मुलाकडून लिहून घेतली. असे लेबल खरोखर उपयोगी पडते. तपासणीत पिशवी उघडली गेली आणि लेबल वाचून परत मिळाली.

दुसरा अडकणारा जिन्नस सुके खोबरे. त्यातल्या तेलामुळे ते विमान वाहतुकीच्या नियमांत पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडते आणि वाट्या काढून ठेवायला लावतात. कोकम, कुळथाची पिठी, मेतकूट, तांदळाचे पापड यांना बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली मात्र दाबाने फुटते आणि सगळे कपडे लाल होतात, त्यापेक्षा सुकी आमसुले न्यावीत. युरोपीय संघाच्या देशांत प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तुपाचे लाडू आणि खवा घरीच ठेवावा. मासळीला मर्यादित प्रमाणात परवानगी असते, पण सुका बोंबील तीन पदरी बांधला तरी वास येतोच आणि सहप्रवाशांना त्याचा त्रास होतो. ऑस्ट्रेलियात उतरताना प्रत्येक खाद्यपदार्थ प्रवासी कार्डावर जाहीर करावा लागतो आणि लपवल्यास दंड होतो. हापूसची पेटी भेट म्हणून नेण्याचा मोह होतो, परंतु ताजी फळे पुष्कळ देशांत विमानतळावरच काढून घेतात.

औषधांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह घ्यावी आणि गोळ्या मूळ पाकिटातच न्याव्यात. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडोल यांना अमिरातीत पूर्वपरवानगी लागते.

मुलांच्या शाळेचे काय?

केंद्रीय विद्यालय परदेशात तीनच ठिकाणी आहे : काठमांडू, मॉस्को आणि तेहरान. आखाती देशांत सीबीएसईच्या शाळा भरपूर आहेत. इतरत्र आंतरराष्ट्रीय शाळेशिवाय पर्याय नसतो. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून थेट इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलाला पहिले चार-सहा महिने जड जातात, हे गृहीत धरून त्याला गुणांवरून बोलू नये. सहावी-सातवीपर्यंतची मुले लवकर रुळतात. नववी आणि अकरावीत सीबीएसई मुलांची नोंदणी करते, त्यामुळे दहावी किंवा बारावीत मध्येच शाळा किंवा मंडळ बदलणे अवघड होते. मूल दहावीत असेल तर पत्नीने आणि मुलाने वर्षभर मागे राहून नंतर जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, जरी त्याने घर दोन ठिकाणी विभागले जाते. मराठी वाचन सुटू नये म्हणून बालभारतीची पुस्तके बरोबर न्यावीत.

पगार, कर आणि बँक यांत काय बदलते?

भारत सरकारच्या नोकराने परदेशात बजावलेल्या सेवेचा पगार भारतातच मिळालेला मानला जातो आणि त्यावर येथे कर लागतो. परदेशातील सेवेसाठी सरकार तेथे देत असलेला भत्ता मात्र करमुक्त असतो. त्यामुळे परदेशी गेलो म्हणून विवरणपत्र भरायचे नाही, असा समज करून घेऊ नये.

बँकेचा खरा प्रश्न ओटीपीचा असतो. खाते ज्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले आहे, ते सिम परदेशात चालेनासे झाले किंवा रिचार्ज न केल्याने बंद पडले की पैसे असूनही हात बांधले जातात. मागे राहणाऱ्या पत्नीसाठी एक संयुक्त खाते असावे, त्यावर दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल अशी सूचना असावी आणि तो क्रमांक पत्नीच्या हातातल्या फोनचा असावा. कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते आणि त्यांच्या तारखा एका वहीत लिहून द्याव्यात.

परदेशातून मतदान करता येते का?

येते. सैन्यातील व्यक्ती सेवा मतदार असते आणि तिची नोंदणी युनिटमार्फत होते. तिच्याबरोबर राहणाऱ्या जोडीदाराचीही तशी नोंद करता येते. मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली जाते आणि मत नोंदवून ती टपालाने परत पाठवावी लागते.

म्हाताऱ्या आईवडिलांच्या उपचारांची सोय कुठे होईल?

त्यांची नावे अवलंबित म्हणून नोंदलेली आणि डिपेंडंट कार्ड तयार असेल तर लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात. रायगडकरांना मुंबईतल्या कुलाब्याचे नौदलाचे अश्विनी रुग्णालय, सावंतवाडी-दोडामार्ग भागाला वास्कोचे जीवंती किंवा आंबोली घाटाने बेळगावचे मिलिटरी हॉस्पिटल सोयीचे पडते. मधल्या रत्नागिरीला दोन्ही बाजू लांब आहेत, हे दुःख खरे आहे. म्हणून जाण्यापूर्वी एकदा त्यांना प्रत्यक्ष घेऊन जाऊन कार्ड दाखवून, केस पेपर काढून यावे. म्हणजे अडचणीच्या वेळी नेणाऱ्या भाच्या-पुतण्याला कोणत्या खिडकीवर जायचे हे माहीत असते.

पत्नीला एकटीने गावी राहणे शक्य नसेल तर काही छावण्यांत मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी सेपरेटेड फॅमिली क्वार्टर असतात. त्यांची प्रतीक्षा यादी असते, म्हणून अर्ज आदेशाबरोबरच द्यावा.

फोन कधी करावा आणि कोणाला काय सांगावे?

दक्षिण सुदानमधील जुबा, काँगोतील गोमा आणि रशियातील कॅलिनिनग्राड येथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. लेबनॉनचे हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे, तर भूतानचे अर्धा तास पुढे. लहान मुलांना झोपायच्या आधी बाबांशी बोलायचे असते आणि त्या वेळी तिकडे कामाची वेळ असते, म्हणून आठवड्यातला एक वार ठरवून घ्यावा. ठरल्या वेळी फोन आला नाही तर लगेच वाईट मनात आणू नये. तळावरचे जाळे बंद पडणे नेहमीचे आहे.

जाण्याची तारीख, विमान, तळाचे ठिकाण आणि तुकडीतील माणसांची संख्या वाडीच्या किंवा मुंबईकर मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. गणवेशातील फोटोत मागे काय दिसते याचा विचार घरच्यांनी करायचा नसतो, तो फोटोच पुढे पाठवायचा नसतो. अभिमान वाटतो, सांगावेसे वाटते, हे मी जाणते. तरी आपले माणूस सुखरूप परत येईपर्यंत ‘परदेशात आहेत’ एवढेच सांगावे.

घरी काही वाईट घडले तर त्यांना कसे कळवायचे?

सेवा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, मूळ युनिट, मागे राहिलेल्या रिअर पार्टीचा दूरध्वनी आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता हे एका कागदावर लिहून तो देवघराच्या फळीवर आणि शेजारच्या एका घरात ठेवावा. घाईच्या वेळी पत्नीच रुग्णालयात असू शकते आणि फोन दुसऱ्याच कोणाला करावा लागतो. रत्नागिरी, सिंधुदुर्गनगरी आणि अलिबाग येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयेही निरोप पोहोचवण्यास आणि कागदपत्रांस मदत करतात. जाण्यापूर्वी तेथे एकदा जाऊन ओळख करून घ्यावी. आईवडील गेले तर माणूस अंत्यदर्शनाला पोहोचेलच असे नाही. परदेशातून सुट्टी मंजूर झाली तरी वाटेतच दोन-तीन दिवस जातात. ही गोष्ट भावंडांनी आपसात आधी बोलून ठेवावी, म्हणजे त्या प्रसंगी कोणी कोणाला दोष देत नाही.

घरातला गणपती कोण आणणार?

हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो आणि तो गौण नाही. मूळ घरातच गणपती बसत असेल तर मूर्तिकाराच्या चित्रशाळेत पाट वेळेवर पोहोचवण्यापासून विसर्जनापर्यंतची जबाबदारी भावकीतल्या एका माणसाने घ्यावी आणि घर बंद असेल तर तेवढ्या दिवसांसाठी ते उघडून झाडून घ्यावे. यात एक मोठा फायदाही आहे. ऐन पावसात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, घर पाच-सात दिवस माणसांनी भरलेले राहते, समया लागतात, चूल पेटते आणि भिंतींची ओल निघून जाते.

परत आल्यावर ताप आला तर?

ही शेवटची गोष्ट आहे आणि तिच्यावर जीव अवलंबून आहे. काँगो आणि दक्षिण सुदानमध्ये फॅल्सिपॅरम जातीचा मलेरिया असतो. तेथे दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या परत आल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्यायच्या असतात. घरी आल्यावर बहुतेक जण त्या पहिल्याच आठवड्यात सोडून देतात. जवान जुलैमध्ये सुट्टीवर आला आणि त्याला थंडी वाजून ताप भरला, तर तालुक्याच्या डॉक्टरांना आधी लेप्टो किंवा डेंग्यू आठवणे स्वाभाविक आहे, कारण त्या दिवसांत शेतातून येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या रुग्णाला तेच असते. ‘मी आफ्रिकेतून आलो आहे, मलेरियाची तपासणी आजच करा’ हे वाक्य रुग्णाने किंवा घरच्यांनी स्वतःहून, नाव सांगण्याच्याही आधी सांगितले पाहिजे. फॅल्सिपॅरम सहसा परतल्यापासून तीन महिन्यांच्या आत दिसतो, इतर जाती वर्षभरानेही डोके वर काढू शकतात. पिवळ्या तापाचे कार्ड आणि घेतलेल्या गोळ्यांचे नाव लिहिलेली चिठ्ठी त्या काळात पाकिटातच ठेवावी, म्हणजे तापाच्या ग्लानीत बोलता आले नाही तरी डॉक्टरांना ती सापडेल.